आउटलुकमध्ये मराठी मेलची अक्षरं वरून कापली जातात, बटणं आक्रसतात. काय करावं?

वैशाली_शिरोली

नमस्कार मंडळी,

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात ऑफिसचं काम बघते. आम्ही साखर कारखान्यांना लागणारे ज्यूस पंप, मोलॅसिस पंप, बटरफ्लाय व्हॉल्व्ह आणि त्यांचे सुटे भाग बनवतो. गळीत हंगाम आटोपला की कारखान्यांत ओव्हरहॉलिंग सुरू होतं, आणि आमची वर्षाची निम्मी विक्री त्याच तीन-चार महिन्यांत होते. आजवर मालक आणि एक सेल्समन गाडी घेऊन फिरायचे. यंदा मी हट्टाने म्हटलं की कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, नगर मिळून साठेक कारखान्यांना व्यवस्थित मेल करू. आणि मराठीतच करू, कारण स्टोअरमध्ये बसणारी माणसं आमच्याशी फोनवर मराठीतच बोलतात.

एका टेम्पलेटवर मेल तयार केला. माझ्या जीमेलवर आणि मालकांच्या आयफोनवर देखणा दिसला. पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी एका कारखान्याच्या स्टोअर कीपरचा फोन आला, "मॅडम, हे 'पप' काय आहे?" मला काही कळेना. त्यांना फोटो पाठवायला सांगितलं. मथळ्यात आम्ही 'पंप' लिहिलं होतं, त्यावरचा अनुस्वार दिसतच नव्हता. 'हंगामपूर्व'मधला रफार अर्धा कापलेला. 'चौकशी करा' हे हिरवं बटण आक्रसून शब्दाभोवती नुसती हिरवी पट्टी उरलेली. वरचा मोठा फोटो गायब, आणि त्या फोटोवर पांढऱ्या अक्षरात लिहिलेला मजकूर पांढऱ्यावर पांढरा. पार्ट नंबर वेगळ्याच फाँटमध्ये. त्यांच्याकडे ऑफिस २०१६ चं आउटलुक आहे. दुसऱ्या एकांनी सांगितलं की विषयाच्या ओळीत 'ओव्हरहॉलिंग'च्या 'ओ'च्या जागी प्रश्नचिन्हाचे काळे चौकोन दिसतायत. आणि जीमेल वापरणाऱ्या एका परचेस ऑफिसरना खालचा आमचा फोन नंबरच दिसला नाही, मेल मध्येच तुटला म्हणाले.

विषय होता: गळीत हंगामपूर्व ओव्हरहॉलिंगसाठी पंपांचे सुटे भाग.

मी कॉमर्सची आहे. एचटीएमएल बघून बघून शिकले, पण हे नेमकं कुठून दुरुस्त करायचं ते समजत नाही. पुढचा मेल पंधरा दिवसांत जायला हवा. मालकांनी माझ्यावर विश्वास टाकलाय, म्हणून जरा घाईने विचारतेय.

गणेश_डी

एवढा खटाटोप कशाला? कोरलमध्ये झकास पत्रक बनवा आणि एकच जेपीईजी टाका. अक्षर कापायचा प्रश्नच मिटला. आमच्या इथे सगळे असंच करतात.

अक्षरजुळणी

गणेश, कळकळीने सांगते, हा सल्ला नको. विंडोजवरचं आउटलुक बाहेरून येणारी चित्रं आपणहून उघडत नाही. माणसाने 'चित्रं डाउनलोड करा' म्हटलं तरच ती येतात. म्हणजे कारखान्यातल्या माणसासमोर आधी एक रिकामी चौकट आणि कोपऱ्यात फुली. शिवाय स्टोअर कीपरला पार्ट नंबर उचलून इंडेंटमध्ये, म्हणजे मागणीपत्रकात, चिकटवायचा असतो, तो चित्रातून कसा उचलणार? सहा महिन्यांनी 'इम्पेलर' असं शोधलं तर तो मेल सापडणारही नाही. मजकूर मजकूरच राहू दे.

वैशाली, आता तुझ्याकडे येते. मी १९९८ पासून पुण्यात बुधवार पेठेतल्या एका प्रेसमध्ये डीटीपी करत होते. २००९ पासून मेलची टेम्पलेटं करते, बरीचशी मराठी. तुझा फोटो न बघताही सांगते की तो अनुस्वार कुणी खाल्ला.

आउटलुक २००३ पर्यंत मेल इंटरनेट एक्स्प्लोररच्या इंजिनाने दाखवला जायचा. २००७ च्या आवृत्तीपासून विंडोजवरच्या आउटलुकमध्ये मेल वर्डच्या इंजिनाने दिसतो, आणि २०१०, २०१३, २०१६, २०१९ ते आजच्या क्लासिक आउटलुकपर्यंत तेच चाललं आहे. मॅकवरचं आउटलुक वेगळं, ते वेबकिटवर, म्हणजे सफारी ब्राउझरच्या इंजिनावर, चालतं. विंडोजचं नवं आउटलुक वेबसारखंच आहे. पण क्लासिक आउटलुकला किमान २०२९ पर्यंत आधार राहणार आहे. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तरी कारखान्यातली मशीनं काही त्या तारखेला बदलली नाहीत, हे तू स्वतःच बघितलंस. तेव्हा मनाशी पक्कं कर: तू वेबपान बनवत नाहीयेस, वर्डमध्ये उघडणारा कागद बनवते आहेस. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

आता तो अनुस्वार. तुझ्या टेम्पलेटमध्ये मथळ्याच्या स्टाइलमध्ये 'एमएसओ-लाइन-हाइट-रूल: एक्झॅक्टली' अशी ओळ असणार. शोध, सापडेल. बहुतेक इंग्रजी टेम्पलेटांत ती असते. तिचा अर्थ, ओळीची उंची सांगितली तेवढीच ठेव, अक्षर मावो न मावो. आणि उंची असेल २२ च्या अक्षराला २२ किंवा २४. इंग्रजीत ते खपून जातं, त्यांच्या अक्षरावर काही बसत नाही. आपल्या अक्षराची शिरोरेघ मध्यावर धर, तिच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार. 'र्वीं' असं लिहून बघ, एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार तिन्ही येतात. वर्ड ओळीची चौकट जिथे संपते तिथे अक्षर सरळ कापतो. म्हणून तुझा 'पंप' 'पप' झाला. प्रेसमध्ये लेडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, कमी पडलं की छापतानाच डोळ्याला दिसायचं आणि फोरमन ओरडायचा. इथे ओरडायला कुणी नाही, कारण तुझ्या जीमेलवर सगळं नीटच दिसतं.

उपाय सोपा आहे. मराठी मजकुरावरून ते 'एक्झॅक्टली' काढून टाक. मग वर्ड तो आकडा 'किमान एवढी' असा धरतो आणि अक्षराला लागेल तेवढी जागा देतो. ओळी थोड्या सैल पडतील, पडू देत. आणि आकडाही वाढव: मजकुराच्या १६ ला २६ किंवा २८, मथळ्याच्या २२ ला ३६. इंग्रजी डोळ्याला हे ऐसपैस वाटेल, मराठीला हेच लागतं.

त्याच टेम्पलेटमध्ये मथळ्याला लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, दिलेलं असेल तर तेही शून्य कर. इंग्रजीत कॅपिटल अक्षरं मोकळी करायला ते देतात. मराठीत त्याने शिरोरेघ तुटते, प्रत्येक अक्षर दातासारखं सुटं दिसतं. हे बघवत नाही मला. मोठमोठ्या कंपन्यांच्या मराठी मेलमध्येही बघते, आणि दर वेळी वाटतं की कुणीतरी एकदा मोठ्याने वाचून बघायला हवं होतं.

फाँटचं सांगते. तू वेबफाँट जोडला असशील, मुक्ता किंवा बलू. दोन्ही सुंदर आहेत, पण विंडोजचं आउटलुक वेबफाँट आणत नाही. पहिलं नाव ओळखीचं नसलं की ते थेट टाइम्स न्यू रोमनवर घसरतं, तुझ्या यादीतली पुढची नावं असली तरी. मराठी अक्षरं सिस्टिमच्या फाँटवर जातात आणि इंग्रजी अक्षरं, आकडे टाइम्समध्ये, म्हणून पार्ट नंबर परके दिसले. वर हेडमध्ये 'इफ एमएसओ' अशी कंडिशनल कॉमेंट, म्हणजे फक्त आउटलुकच वाचतं असा तुकडा, टाकून त्यात फक्त आउटलुकसाठी फाँट सांग: निर्मला यूआय, मग मंगल, मग एरियल. निर्मला विंडोज ८ पासून आहे, मंगल त्याच्याही आधीपासून. आयफोनवर कोहिनूर देवनागरी, अँड्रॉइडवर नोटो येतो, त्यांची काळजी नको. एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' लिहायला विसरू नकोस. ज्या फाँटात सोय आहे तिथे आपला पाकळीचा 'श' आणि मराठी वळणाचा 'ल' मिळतो.

बटणाचं कारण, वर्डला अँकर टॅगचं, म्हणजे लिंकचं, पॅडिंग (शब्दाभोवतीची मोकळी जागा) कळत नाही. टेबलातल्या कप्प्याचं, म्हणजे टीडीचं, कळतं. तेव्हा बटण म्हणजे एका कप्प्याचं टेबल: टीडीला बीजीकलर, म्हणजे मागचा रंग, टीडीला पॅडिंग, आत लिंक. कोपरे गोल होणार नाहीत, चौकोनीच राहतील. व्हीएमएल, म्हणजे मायक्रोसॉफ्टची आकार काढायची जुनी भाषा, वापरून गोल करता येतात, पण पंपाच्या चौकशीच्या बटणाला त्याची गरज नाही असं माझं मत.

मागचं चित्रही तसंच. सीएसएसची पार्श्वभूमी वर्ड टाकून देतो. प्रत्येक अशा कप्प्याला गडद बीजीकलर दे, म्हणजे चित्र गेलं तरी पांढरी अक्षरं वाचता येतील. त्याहून बरं, फोटोवर मजकूर घालूच नकोस. फोटो वर, मजकूर खाली. फोटोला रुंदी स्टाइलमध्ये न देता टॅगच्या विड्थमध्येच दे, ६००, फक्त आकडा. नाहीतर १२०० चा फोटो आउटलुकमध्ये १२०० चाच उघडतो आणि अख्खा मेल आडवा पसरतो. ऑल्ट मजकूर मराठीत लिही, 'मोलॅसिस पंप, बाजूने' असा, कारण चित्र बंद असताना तोच वाचला जाणार आहे.

आणि जीमेलवर मेल का तुटला? एचटीएमएल १०२ केबीच्या वर गेलं की जीमेल उरलेलं कापतं. तू किती भागांची यादी टाकली होतीस?

वैशाली_शिरोली

ताई, मनापासून आभार. 'एक्झॅक्टली' तीन ठिकाणी सापडलं, लेटर-स्पेसिंगही होतंच. यादी १४० भागांची होती, प्रत्येक ओळीत ५ कप्पे: अनुक्रम, पार्ट नंबर, वर्णन, मटेरियल, दर. बाजूच्या युनिटमधल्या दादांच्या आउटलुकवर आज बघितलं, 'पंप' पूर्ण दिसतोय. त्यांना दोनदा वाचायला लावलं.

अक्षरजुळणी

१४० गुणिले ५ म्हणजे ७०० कप्पे. प्रत्येक कप्प्याच्या टॅगला आणि स्टाइलला १३० बाइट धरले तरी तिथेच ९१,००० झाले, अजून मजकुराचा पत्ता नाही. त्यात मराठीचं एक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं. आणि तुझं टेम्पलेट जतन करताना 'क'चं 'अँपरसँड हॅश २३२५ सेमीकोलन' असं रूपांतर करत असेल तर तोच 'क' ७ बाइट खातो. सोर्स उघडून बघ, असे आकडे दिसले तर ती सेटिंग बंद कर.

पण खरं सांगायचं तर १४० ओळी मेलमध्ये असूच नयेत. ओव्हरहॉलिंगला हमखास लागणारे दहा-बारा भाग घे, ग्लँड पॅकिंग, शाफ्ट स्लीव्ह, इम्पेलर, बेअरिंग असे. बाकी यादी वेबसाइटवर ठेव आणि लिंक दे. फोन नंबर तळाला नको, पहिल्या फोटोच्या खालीच घे. स्टोअरमधला माणूस चौकशीचं बटण दाबत नाही, तो फोन उचलतो. तुलाही फोनच आला ना?

अजून एक गोष्ट, आणि धंद्याच्या मेलमध्ये मला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्टोअर कीपर मेल वाचतो, पण ऑर्डर तो ठरवत नाही. तो मेल चीफ इंजिनिअर साहेबांना फॉरवर्ड करतो. आउटलुक फॉरवर्ड करताना अख्खं एचटीएमएल वर्डच्या पद्धतीने नव्याने लिहून काढतं. कंडिशनल कॉमेंट गळतात, मोबाइलसाठी लिहिलेल्या मीडिया क्वेरी भरवशाच्या राहत नाहीत. म्हणजे ज्याच्या सहीने खरेदी होते त्याला तुझा मेल दुसऱ्या हाताने मिळतो. म्हणून महत्त्वाची स्टाइल प्रत्येक कप्प्यात इनलाइन, म्हणजे त्याच्या टॅगमध्येच, लिही, आणि एकाच रकान्याचा साधा मेल ठेव. दोन रकाने शेजारी शेजारी ठेवण्याचा मोह टाळ.

तपासताना असं कर: मेल आउटलुकवर पाठव, तिथून फॉरवर्ड कर, आणि तो फॉरवर्ड झालेला मेल फोनवर उघड. आउटलुकच्या नव्या मेलच्या खिडकीत एचटीएमएल चिकटवून मात्र तपासू नकोस, तिथे ते आधीच बदललेलं असतं. लिटमस किंवा ईमेल ऑन ॲसिड वर पैसे भरून डझनावारी प्रोग्रामांतली चित्रं मिळतात. साठ कारखान्यांसाठी मी ते घेणार नाही. बाजूच्या युनिटमधले दादा पुरे आहेत.

सर्व्हर_नाशिक

विषयाच्या ओळीतल्या 'ओ'बद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मेल सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम आहे.

वैशालीताई, तुम्ही बहुधा एखादी स्वतः लिहिलेली स्क्रिप्ट वापरून मेल पाठवताय. मेलच्या शीर्षभागात मराठी थेट चालत नसे, म्हणून १९९६ च्या आरएफसी २०४७ या इंटरनेटच्या नियमाप्रमाणे विषय सांकेतिक तुकड्यांत बांधून पाठवतात. एक तुकडा जास्तीत जास्त ७५ चिन्हांचा. त्यातली १२ चिन्हं 'यूटीएफ-८, बेस६४' हे सांगण्यात जातात. बेस६४ म्हणजे दर ३ बाइटची ४ साधी चिन्हं करायची पद्धत. उरलेल्या जागेत तिची ६० चिन्हं बसतात, म्हणजे मूळ मजकुराचे ४५ बाइट.

आता तुमचा विषय मोजू. 'गळीत' ४ चिन्हं, १२ बाइट. मोकळी जागा १, झाले १३. 'हंगामपूर्व' मध्ये ह, अनुस्वार, ग, काना, म, प, ऊकार, र, हलन्त, व अशी १० चिन्हं, ३० बाइट, झाले ४३. पुन्हा मोकळी जागा, ४४. आणि आता 'ओ', ज्याला ३ बाइट लागतात. ४५ वर कात्री चालली की 'ओ'चा एक बाइट पहिल्या तुकड्यात आणि दोन पुढच्यात. प्रत्येक तुकडा वेगळा उलगडणाऱ्या प्रोग्रामला दोन्हीकडे मोडका माल मिळतो आणि तो काळे चौकोन दाखवतो. काही प्रोग्राम तुकडे आधी जोडून मग उलगडतात, त्यांना 'ओ' नीट दिसतो. म्हणून काहींनाच तक्रार.

त्याच नियमात स्पष्ट लिहिलंय की एक अक्षर दोन तुकड्यांत फोडायचं नाही. तुमच्या स्क्रिप्टमध्ये विषय हाताने बेस६४ करून दर ४५ बाइटला तोडलेला असणार. ते काढून तयार लायब्ररी वापरायला सांगा. पीएचपी असेल तर पीएचपीमेलर, पायथन असेल तर त्याचं स्वतःचं ईमेल मॉड्यूल. दोन्ही हे नीट करतात.

स्क्रिप्ट उघडलीच आहे तर मुख्य मजकूरही बेस६४ मध्ये पाठवा. मेलमधली एक ओळ ९९८ चिन्हांपेक्षा लांब नसावी असा नियम आहे. टेम्पलेट बनवणाऱ्या साधनांनी सगळं एचटीएमएल एका ओळीत दाबलेलं असेल तर वाटेतला सर्व्हर कुठेही तोडतो, कधी टॅगच्या मध्ये, कधी अक्षराच्या मध्ये. कोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या पद्धतीत मराठीचं एक चिन्ह ९ चिन्हांचं होतं, बेस६४ मध्ये ४ चं. मराठीला बेस६४ च परवडतं.

वैशाली_शिरोली

तुम्ही बाइट मोजत बरोबर 'ओ'वर येऊन थांबलात ते वाचताना अंगावर काटा आला. वेबसाइटवाल्या मुलाला हेच पाठवलं. त्याने स्क्रिप्ट उघडली, ४५ हा आकडाच लिहिलेला होता. आता पीएचपीमेलर बसवलंय.

यादी १२ भागांची केली, मेल ३१ केबीवर आला. फोन नंबर वर घेतला, २० च्या ठळक अक्षरात. कालच्या त्याच स्टोअर कीपरना चाचणीचा मेल पाठवला आणि विनंती केली की साहेबांना फॉरवर्ड करा आणि त्यांच्या फोनचा फोटो द्या. आला फोटो. 'हंगामपूर्व'चा रफार, 'पंपांचे'वरचे दोन्ही अनुस्वार, सगळं जागेवर. बटण चौकोनी, पण पूर्ण. मालकांनी फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, रविवारी नको, सोमवारी सकाळी १० ला पाठव, तेव्हा स्टोअर उघडलेलं असतं.

एकच राहिलंय. बाजूच्या दादांच्या नव्या लॅपटॉपवर आउटलुकमध्ये आमचा लोगो फुगलेला दिसतो आणि टेबल मात्र तेवढंच राहतं. बाकी कुणाकडे असं नाही.

अक्षरजुळणी

त्या लॅपटॉपची स्क्रीन १२५ टक्क्यांवर असेल, बघायला सांग. आउटलुक चित्रं एका मापाने वाढवतं आणि टेबलाची रुंदी दुसऱ्या. 'इफ एमएसओ'च्या त्याच कॉमेंटमध्ये ऑफिस डॉक्युमेंट सेटिंग्जचा तुकडा टाक, त्यात पिक्सेल्स पर इंच ९६ आणि अलाउ पीएनजी. एचटीएमएल टॅगवर 'ओ' आणि 'व्ही' हे दोन नेमस्पेस जाहीर केलेले हवेत, नाहीतर तो तुकडा नुसताच पडून राहतो.

आणि लोगो पारदर्शक पीएनजी असेल तर त्याच्या काळ्या अक्षरांभोवती पांढरी कड दे. डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं होऊन जातं. सोमवारी दहाला पाठवण्याआधी मला एक मेल टाक, माझ्याकडे जुन्या लॅपटॉपवर ऑफिस २०१३ अजून जपून ठेवलंय.